दोघांच्या मधली पिशवी

मित्रांनो, दाराच्या मागे खिळ्याला लोंबणारी, येता-जाता तुमच्या खांद्याचा धक्का खाणारी आणि कधी खाली पडलीच तर पायानेच बाजूला सारली जाणारी, ती मी. मी एक जुनी पिशवी आहे. एकेकाळी माझ्या अंगावर हिरवे-पांढरे पट्टे होते. आता हिरवा कुठे संपतो आणि पांढरा कुठे सुरू होतो, ते माझं मलाच सांगता येत नाही. तळाला ठिगळ आहे. एका कोपऱ्यात फुटलेल्या अंड्याचा डाग आहे, तो कुठल्याच साबणाला दाद देत नाही. पण पोटात अजून सगळ्या दुकानांचे वास आहेत. चहाच्या पुडीचा, कपड्यांच्या साबणाचा, मातीने माखलेल्या बटाट्यांचा, गरम पावाचा. घरात कुणी बोलत नसलं की मी ते एकेक करून हुंगत बसते. आणि घरात बहुतेक वेळा कुणी बोलत नसतं.

मला जिने शिवलं ती दुकानांच्या दारावरची कापडी छतं शिवायची. ऊन अडवायला दुकानाबाहेर पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड ताणलेलं असतं ना, ते. जाड कापडात सुई शिरायची नाही, म्हणून तिच्या उजव्या अंगठ्याला कायमचा घट्टा पडला होता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचं छत शिवून झालं आणि थोडा तुकडा उरला. तिने तो दोन्ही हातांनी ताणून पाहिला, उजेडाकडे धरून पाहिला, आणि पुन्हा मशीनवर बसली. दाताने दोरा तोडला तेव्हा मी जन्माला आले होते. म्हणून त्या दुकानाच्या दारावरचं छत ही माझी थोरली बहीण. तिने जन्मभर एका जागी राहून ऊन झेललं. मी जन्मभर हिंडले.

जिने शिवलं तिला मी आई म्हणते. तिचा नवरा, ते माझे बाबा. बाबा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचे. दिवसभर यंत्राची घरघर, पाण्याचे शिंतोडे आणि डोळ्यासमोर एक वाटोळी काच. तिथे बोलायला कुणी नव्हतं. म्हणून की काय, घरी आल्यावरही त्यांच्या तोंडून शब्द निघायचा नाही. आईने विचारावं, "मीठ बरोबर पडलंय ना?" तर ते म्हणायचे, "हं." तिने विचारावं, "की कमी झालंय?" तर तेही, "हं." आई म्हणायची, "अहो, निदान एक हं लहान आणि एक मोठा काढत जा. मला अंदाज तरी येईल."

माझे बंद तिने नेहमीपेक्षा लांब ठेवले आणि एकमेकांपासून चांगले दूर लावले. शेजारणीने नाक मुरडलं. म्हणाली, ही पिशवी आहे की पाळणा? आई म्हणाली, "दोघांनी धरायची आहे ना ती."

तेव्हा त्यांची लेक, म्हणजे माझी ताई, आईबाबांचे हात सोडून पुढे पळायच्या वयाची झाली होती. दोघांच्या मधली जागा नुकतीच रिकामी झाली होती. ती मला मिळाली. एक बंद आईच्या हातात, एक बाबांच्या हातात आणि मधे मी. जाताना मी वाऱ्याने फुगायचे. येताना माझ्यामुळे दोघांचे खांदे एकमेकांकडे झुकायचे. आई भरभर चालायची, बाबा संथ. मी मधे ओढली जायचे, तिच्याकडे थोडी, त्यांच्याकडे थोडी. इतकी सुखाची ओढाताण मी पुन्हा कधी अनुभवली नाही.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं दुःख तिच्यात आहे. बाबा दुकानात शिरायचे नाहीत. आतली गर्दी, भाव विचारणं, कुणाच्या तरी कोपराला कोपर लागणं, त्यांना सोसायचं नाही. दुकानाच्या दाराशी आलं की ते आपला बंद आईच्या हातात द्यायचे आणि बाहेर सावलीला उभे राहायचे. आई दोन्ही बंद घेऊन, मला घेऊन, आत जायची. म्हणजे आतली आई बाबांना माहीत नव्हती. मला मात्र आतली आई सगळी माहीत होती. आणि मला तोंड आहे ते फक्त सामान भरायला.

आतली आई कशी होती म्हणून सांगू! घरी नवऱ्याच्या हुंकाराला हसणारी आई दुकानात पाय ठेवला की वेगळीच व्हायची. पदर खोचायची, मान ताठ करायची.

पहिलं दुकान कोपऱ्यावरचं, माझ्या बहिणीच्या सावलीतलं. तिथल्या दुकानदाराला आईने नाव ठेवलं होतं चिमूटकाका. माणूस लबाड नव्हता, पण हाताला खोड होती. साखर तोलून काटा अगदी मधे आला, की त्याची बोटं आपोआप पारड्यात जायची आणि चिमूटभर साखर उचलून परत डब्यात टाकायची. आई म्हणायची, "काका, ती माझ्या चहातली होती." मग तो ओशाळून चिमूटभर परत टाकायचा, पण ही चिमूट आधीच्यापेक्षा थोडी लहान. मग आई नुसती बघत राहायची. बघून बघून त्याच्याकडून तिसरी चिमूट काढायची. साखर घ्यायला जेवढा वेळ लागायचा त्याहून जास्त वेळ या चिमटीला लागायचा, आणि दोघांनाही तो खेळ मनापासून आवडायचा. चहाची पुडी देताना मात्र तो ती आधी स्वतःच्या नाकाशी धरायचा आणि मग आईच्या. "आहे ना बरा?" ती मान हलवायची. मग पुडी माझ्या पोटात. मित्रांनो, पहिल्यांदा पोटात पडलेल्या गरम वासाच्या पुडीसारखं सुख नाही.

दुसरं दुकान दोन भावांचं. कांदे-बटाटे एका भावाचे, पालेभाजी दुसऱ्याची. दुकान एक, बाप एक, तराजूही एकच, आणि दोघांत अबोला. कशावरून, ते दोघांनाही आठवत नसावं. गिऱ्हाईकाने निरोप्या व्हायचं. कांदेवाला आईला सांगायचा, त्याला म्हणावं तराजू इकडे दे. भाजीवाला हातभर अंतरावर उभा राहून आईलाच सांगायचा, त्याला म्हणावं माझी मेथी मोजून होऊ दे. काही बायका वैतागून निघून जायच्या. आई निरोप पोचवायची, पण वाटेत त्यांना साखर लावायची. "तो म्हणतोय, तुझं आवरलं की सावकाश दे." धाकटा चमकून थोरल्याकडे पाहायचा. थोरला कांदे निवडत असायचा. मला तिथे कांद्याच्या टरफलांनी खाज सुटायची आणि ओल्या भाजीने पोट गार पडायचं, पण मी तक्रार करत नसे.

आणि तिसरं दुकान गल्लीच्या टोकाला, दोन पायऱ्या चढून. अंडी, पाव, काडेपेट्या, पीठ, असली बारीकसारीक चीजवस्तू. चालवणारी बाई एकटी होती. तिचं काम इतकं संथ, की अंडं उचलून कागदात गुंडाळेपर्यंत कोंबडीने दुसरं घालावं. बाहेर ताटकळणाऱ्या बाबांनी तिला नाव दिलं होतं सावकाशताई. बाबांनी आयुष्यात कुणाला ठेवलेलं हे एकमेव नाव. बाकीच्या दोन दुकानांत मिळून जेवढा वेळ जायचा, त्याहून जास्त या एका दुकानात जायचा. आई आत जायची आणि बाहेर यायची ती चार अंडी घेऊन. बाबांच्या कपाळाला आठ्या. "एवढा वेळ?" आई म्हणायची, "ती सावकाश करते हो." बाबा म्हणायचे, "हं."

खरं काय होतं ते सांगते. त्या दुकानाला रस्त्याच्या बाजूला एक लहानशी खिडकी होती, पिठाच्या पोत्यांच्या वर. बाबा नेमके तिच्याखाली उभे राहायचे, कारण तिथे भिंतीची सावली पडायची. आणि उभे राहिले की काही वेळाने ते गाऊ लागायचे.

हो, बाबा. घरी हं म्हणणारे बाबा. कुणाला ऐकू जावं म्हणून नाही. भिंतीकडे तोंड करून, अगदी हलक्या आवाजात, पायाच्या अंगठ्याने ताल धरून:

दारात उभा वारा, आत यायला लाजतो
कुणाच्या चाहुलीला, पानांमधून वाजतो.

हे त्यांना त्यांच्या आजीकडून आलेलं होतं, जात्यावरचं की पाळण्यापाशीचं, कोण जाणे. आईने लग्नानंतर एकदा म्हणून पाहिलं होतं, अहो, गा ना काहीतरी. तर ते खोकत खोकत उठून गेले होते, आणि पुढे कित्येक दिवस अंघोळ करतानाही त्यांनी गुणगुणणं सोडलं होतं. म्हणून आई शहाणी झाली. ती सावकाशताईच्या दुकानात शिरली की मला पिठाच्या पोत्यावर ठेवायची, स्वतः पोत्याला टेकायची आणि खिडकीकडे कान करायची. सावकाशताईने अंडी कधीच बांधून ठेवलेली असायची. पण आई बोट उचलायची. अजून नाही. कारण पहिलं कडवं लगेच यायचं, दुसरं मात्र खूप वेळ ताटकळल्याशिवाय यायचं नाही. बाबा अंग चोरत, घसा साफ करत, रस्ता पाहत राहायचे. मग कधीतरी, ती आता येत नाही अशी खात्री पटल्यावर:

दारात उभी सावली, दिवसभर फिरते
कुणाच्या पायापाशी, येऊन मग विरते.

तेव्हा आईचे डोळे मिटलेले असायचे. सावकाशताई हातातलं काम थांबवायची. मी पोत्यावर बसून पिठाने पांढरी व्हायचे. आणि गाणं संपलं की आई मला झटकायची, पदर सारखा करायची आणि बाहेर येऊन म्हणायची, "ती सावकाश करते हो."

अशी वर्षं गेली. ताई शिकली, दूर नोकरीला गेली, तिचं लग्न झालं. बाबांचं काचा घासणं संपलं. मला पहिलं ठिगळ लागलं. मग आईला दम लागायला लागला. दोन पायऱ्या चढताना ती मधेच थांबायची आणि माझा बंद घट्ट धरायची. शेवटी शेवटी तर फक्त त्या तिसऱ्या दुकानात जायचा हट्ट करायची. एकदा ती आत फारच रेंगाळली. बाबांनी त्या दिवशी गायलं नव्हतं. तिच्या काळजीने त्यांना काही सुचलंच नसावं. ती पोत्याला टेकून वाट पाहत राहिली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता आणि बाबा चिडले होते. म्हणाले, "या दुकानाबाहेर उभं राहण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं." बाबांचं एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. आम्ही तिघं हळूहळू घरी आलो. त्यानंतर तिने माझा बंद पुन्हा धरला नाही.

मित्रांनो, खिळ्याला लोंबणं म्हणजे काय, ते मला त्यानंतर कळलं.

बऱ्याच दिवसांनी बाबांनी मला खाली काढलं. घरातली साखर संपली होती. ते निघाले आणि सवयीने त्यांनी माझा एकच बंद धरला, स्वतःचा. आईचा बंद मोकळा लोंबत राहिला. रिकामी होते तोवर काही वाटलं नाही. पण भावांच्या दुकानातून, बाहेर उभं राहूनच, कांदे-बटाटे भरून घेऊन निघालो आणि माझं तोंड एका बाजूने आ वासलं. भर रस्त्यात कांदे घरंगळले. एक गटाराकडे, एक सायकलच्या चाकाखाली. बाबा वाकून वेचू लागले. आश्चर्य म्हणजे दोन्ही भाऊ दुकान सोडून धावत आले आणि दोन बाजूंनी वेचू लागले. मधेच थोरला धाकट्याला म्हणाला, "तो तिकडचा घे." धाकट्याने तो उचलला. थोड्या वेळाने धाकटा बाबांना म्हणाला, "काकी असती तर हे ऐकून पेढे मागितले असते तिने." बाबा कांदा हातात धरून त्याच्याकडे पाहतच राहिले. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं ना. मग धाकट्याने निरोपांची सगळी हकीकत सांगितली, कशी काकी निरोपाला साखर लावायची, आणि आम्हाला कळायचं, पण आम्ही कळू द्यायचो नाही.

त्या दिवसापासून बाबा दुकानात आत शिरू लागले. चिमूटकाकाकडे जाऊन म्हणायचे, नेहमीचं द्या. काका विचारायचा, नेहमीचं म्हणजे काय भाऊ? वहिनी दर वेळी नवीन काहीतरी काढायच्या. मग सांगायचा तिसऱ्या चिमटीची गोष्ट. सांगताना साखर तोलायचा, आणि आता पारड्यातून चिमूट काढायचा नाही, उलट टाकायचा. बाबा साखर संपण्याआधीच साखर आणायला जाऊ लागले. घरात साखरेचे डबे भरले, पण त्यांना साखर नको होती. त्यांना आतली आई हवी होती, आणि ती त्यांना दुकानादुकानातून थोडी थोडी, चिमटीचिमटीने मिळत होती.

तिसऱ्या दुकानाकडे मात्र ते फिरकले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी आले की पाय थबकायचा आणि वळायचा. त्यांच्या मनात काय होतं, ते मला त्यांनी ताईला फोनवर विचारलं तेव्हा कळलं. "तुझी आई त्या अंड्यांच्या दुकानात एवढा वेळ काय करायची गं?" ताई तिकडून म्हणाली, अंडी घेत असेल, बाबा. बाबा म्हणाले, "चार अंड्यांना एवढा वेळ लागत नाही. माझा कंटाळा येत असेल तिला. घटकाभर सुटका." ताई काय म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. बाबा बराच वेळ फोन कानाशी धरून बसले होते.

मी खिळ्यावर होते. मला सगळं ठाऊक होतं. एक शब्द उच्चारता आला असता, तर माझे सगळे टाके मी त्यासाठी उसवून दिले असते. पण पिशवीच्या पोटात जे पडतं ते हात घालून काढावं लागतं. आपलं आपण ते बाहेर येत नाही.

ताई काळजीने आली. कांदे सांडले ते शेजाऱ्यांनी तिला सांगितलं होतं. ती बाबांना गावाच्या नव्या भागातल्या मोठ्या दुकानात घेऊन गेली. मीही होते. पण दाराशीच एका माणसाने हात पुढे केला. पिशवी आत नेता येणार नाही, म्हणाला, आणि माझ्या बदल्यात बाबांच्या हातावर एक पितळी बिल्ला ठेवला. मला एका फळीवर खणात कोंबलं. तिथे दुसऱ्या पुष्कळ पिशव्या होत्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आतून थंड हवा यायची, आणि दुकानाला वास नावाची गोष्टच नव्हती. चहा, साबण, पीठ, सगळं बंद. बाबा बाहेर आले तेव्हा सामान दुसऱ्याच चकचकीत पिशव्यांत होतं. ताईने विचारलं, आवडलं का? बाबा म्हणाले, आत भाव सांगायलाही कुणी नाही. सगळं लिहूनच ठेवलंय. ताईला वाटलं ते कौतुक करतायत. घरी परतताना बाबा आपला बिल्ला देऊन मला सोडवायला विसरले नाहीत, एवढंच. मी रिकामीच घरी आले.

जायच्या आधी ताईने फोनवरून सामान घरी यायची सोय करून दिली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बापाच्या हातात जड पिशवी नको, ही माया होती तिची. पण मग दार वाजायचं, सामान दारात ठेवलं जायचं, आणि आणणारा जिना उतरून गेलेला असायचा. बाबा दार उघडून रिकाम्या जिन्याकडे बघत उभे राहायचे. आठवडेच्या आठवडे त्यांचा आवाज मला ऐकू आला नाही. आता "हं" म्हणायलाही विचारणारं कुणी नव्हतं. माझ्या पोटात कोळ्याने जाळं विणलं. एकदा बाबांनी मला हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, आणि फरशी पुसायच्या फडक्यांशेजारी ठेवलं. मी घाबरले. थोड्या वेळाने त्यांनीच पुन्हा उचलून खिळ्याला लावलं.

आणि एके सकाळी काडेपेटी संपली. चहाचं आधण चुलीवर ठेवलेलं आणि पेटवायला काही नाही. फोन केला तर मोठं दुकान म्हणालं, एकट्या काडेपेटीसाठी माणूस पाठवत नाही, आणखी काही घ्या. बाबांना आणखी काही नको होतं. ते तसेच बसून राहिले. मग उठले, चपला घातल्या आणि जाता जाता हात सवयीने खिळ्याकडे गेला.

कोपऱ्यावर आलो आणि बाबा थांबले. चिमूटकाकाचं दुकान बंद होतं. दिवसाचं नव्हे, कायमचं. पाट्या काढलेल्या, फळ्या रचून ठेवलेल्या. पानाच्या गादीवरचा माणूस म्हणाला, मोठ्या दुकानापुढे टिकेना, म्हातारा लेकाकडे गेला. दारावर नुसत्या लोखंडी कांबी उरल्या होत्या. माझी बहीण नव्हती. पुढच्या वळणावर मला ती दिसली. एका हातगाडीवर भंगाराच्या ढिगावर झाकण म्हणून टाकली होती, कडेने दोरीने करकचून बांधलेली. तिचे पट्टे माझ्यापेक्षा जास्त विटले होते, पण टाके आईचेच होते, मी ओळखले. गाडी निघून गेली. आम्ही बहिणी आयुष्यात एक अक्षर बोललो नाही, आणि तेव्हाही नाहीच.

भावांकडे काडेपेट्या नसतात. राहिलं एकच दुकान.

बाबा गल्लीच्या तोंडाशी थबकले. मग चालू लागले. दोन पायऱ्या चढले. त्यांनी त्या दुकानाचा उंबरा ओलांडला तो जन्मात पहिल्यांदा. सावकाशताई आता पार थकली होती, केस पांढरे. तिने आधी मला ओळखलं, मग त्यांना. काडेपेटी मागितली. आता तिला ती शोधायला खरंच वेळ लागला. बाबांनी ती घेऊन माझ्यात टाकली. वळले. दारापर्यंत गेले आणि परत आले.

"एक विचारू? आमची ही इथे एवढा वेळ काय करायची?"

सावकाशताई फडक्याने फळी पुसू लागली. पुसलेलीच पुन्हा पुसली. "तुम्हाला सांगायचं नाही, असं बजावलं होतं मला."

बाबांचा चेहरा पडला. ज्याची भीती होती तेच उत्तर मिळाल्यासारखे ते म्हणाले, "कंटाळली होती ना मला?"

"भाऊ, ते पोतं दिसतंय ना खिडकीखालचं? तिथे टेकायची ती. तुम्ही बाहेर गायचात, ते ऐकत. अंडी मी कधीच बांधून ठेवलेली असायची. ती हलायची नाही. म्हणायची, दुसरं कडवं यायचंय अजून." फडकं तिने घडी करून ठेवलं. "आणि नावं मात्र मला ठेवलीत. सावकाशताई."

बाबांचे कान लाल झाले. एवढ्या म्हाताऱ्या माणसाचे कान इतके लाल होतात, हे मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "मला वाटायचं, मी मनातल्या मनात म्हणतोय."

"म्हणूनच सांगायचं नव्हतं. कळलं तर गप्प होतील, म्हणायची."

मी श्वास रोखून होते. कारण आईला जी भीती होती, तीच आता मला वाटत होती. लाजरा माणूस. एकदा कळलं, की कायमचं बंद. पण बाबांनी मला उचललं आणि त्या पोत्यावर ठेवलं. आई ठेवायची तिथेच. आणि ते पायऱ्या उतरून बाहेर गेले.

खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती. बाहेर त्यांचा खोकला ऐकू आला. घसा साफ केला. मग काहीच नाही. एक बाई पाव घ्यायला आली, तर सावकाशताईने ओठांवर बोट ठेवलं. ती बिचारी दारातच उभी राहिली, काय झालंय ते न कळून. रस्त्यावरून एक गाडी गेली. कुत्रं भुंकलं. मला वाटलं, गेले, घरी गेले, मला इथेच ठेवून.

मग आवाज आला. घोगरा, गंजलेला, मधे मधे तुटणारा. वारा दारात उभा राहिला. आत यायला लाजला. पानांमधून वाजला. आणि थांबला. सावकाशताईने माझ्याकडे पाहिलं, जणू मी आईच आहे. तिने बोट उचललं. अजून नाही. आम्ही वाट पाहिली. पिठाचा वास येत होता. आणि कधीतरी, ताटकळून ताटकळून, ती सावली आली, दिवसभर फिरलेली, आणि कुणाच्या तरी पायापाशी विरली.

बाबा आत आले तेव्हा मी पिठाने पांढरी झाले होते. त्यांनी मला झटकलं, अगदी आईसारखं. आणि पहिल्यांदाच माझे दोन्ही बंद एकत्र करून एका मुठीत धरले. आईचा बंद तिच्या अंगठ्याच्या घट्ट्याने एका जागी झिजून मऊ झाला आहे. तिथे बाबांची बोटं टेकली आणि तशीच राहिली. सावकाशताई म्हणाली, "चार अंडी देऊ का भाऊ? की घाई आहे?" बाबा म्हणाले, "बांधा सावकाश."

माझी गोष्ट एवढीच. आता आम्ही दोघंच असतो, मी आणि बाबा. मोठ्या दुकानाचं सामान अजून दारात येतं, पण अंडी त्यात नसतात. ती मी आणते. मधली जागा मात्र आता उरली नाही, कारण एकच माणूस असलं तर मधे म्हणजे कुठे? दोन्ही बंद एका मुठीत असले की कांदे सांडत नाहीत, ही सोय आहे. सुख दुसरं होतं.

माझा तळ पुन्हा विरत चालला आहे. मित्रांनो, तुमच्या दारामागे माझ्यासारखी कुणी लोंबत असेल, तर उसवलेल्या जागी एक टाका घाला, महिन्यातून एकदा धुऊन उन्हात टाका. आमचं मागणं तेवढंच असतं. आणि तुमच्या घरातलं कुणी बाजाराला निघालं, तर वाटेत आमचा दुसरा बंद धरा. दुकान आलं की बाहेर थांबू नका. आत या. आत तुमचं माणूस कसं असतं, ते पाहून घ्या, ते आहे तोवर. मला सगळं ठाऊक असतं, पण मला विचारून उपयोग नाही.